बावन्न कळ्यांचा अंगरखा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे. शीख परंपरा सांगते, की जहांगीर बादशहानं सहावे गुरू हरगोविंद यांना या किल्ल्यात कैद करून ठेवलं होतं. त्यांच्या सुटकेचा हुकूम आला, पण एकट्यानं बाहेर पडायला त्यांनी नकार दिला. त्यांच्याबरोबर 52 राजे आत खितपत पडले होते. बादशहानं अट घातली, की गुरूंचं वस्त्र धरून जेवढे बाहेर पडतील तेवढे सुटतील. मग 52 कळ्यांचा अंगरखा शिवला गेला आणि एकेका राजानं एकेक कळी धरली.

त्याच किल्ल्यावर मानमंदिराची जमिनीखालची दालनं आहेत. मोगलांनी त्या वाड्याचा तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याच किल्ल्यात कैदेत होता आणि 1661 मध्ये इथंच मारला गेला. आत घातलेला माणूस परत यायचा नाही, अशी या किल्ल्याची ख्याती. म्हणून अंगरख्याची कथा मला फार मोलाची वाटते. सुटकेचा हुकूम निघणं आणि माणूस प्रत्यक्ष सुटणं यांत अंतर असतं, आणि ते ओलांडायला हातात काहीतरी धरावं लागतं, हे त्या कथेला ठाऊक आहे. आजचं सेंट्रल जेल बहोडापूरला आहे. तिथल्या बंद्याला धरायला लागते ती कळी म्हणजे जामीनदार. पुढं ओळखपत्र, मग काम, मग घर. यातली एक निसटली तरी माणूस फाटकाच्या आत राहतो, नाहीतर बाहेर येऊनही आतल्यासारखाच जगतो.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि जागा होती 4,36,266 जणांची. आतल्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. चारांतले तीन. तुरुंगसुधारणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं ग्रंथालय, योगवर्ग, भजनी मंडळ येतं. ते सगळं हवंच. पण आतली गर्दी मुख्यतः या तिघांची आहे, आणि ती कमी होते न्यायालयाच्या बाबूच्या टेबलावर. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जामीन मंजूर झाल्याचं वकिलानं फोनवर सांगितलं, की घरचे संध्याकाळी पोळ्या जास्त करतात. इतक्यात माणूस येत नसतो. आधी आदेशाची प्रत मिळवायची. मग जामीनदार उभा करायचा. मध्य प्रदेशात जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा ऋणपुस्तिका, शेतजमिनीच्या मालकीची आणि कर्जाची नोंद असलेली ती पुस्तिका. तिच्याबरोबर जामीनदाराचं आधार, फोटो आणि आपण दुसऱ्या कुणाला जामीन राहिलेलो नाही असं शपथपत्र. जमिनीची किंमत जामिनाच्या रकमेला पुरते का, पुस्तिकेवर आधीचा शेरा आहे का, हे तपासलं जातं. सगळं जुळलं की पुस्तिकेवर प्रकरण क्रमांकासह नोंद होते, मुचलका भरला जातो आणि रिहाईचा आदेश जेलकडे निघतो. संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी तो पोचला तर ठीक, नाहीतर सकाळ. शनिवार-रविवार किंवा सण मधे आला तर आणखी दोन-तीन दिवस.

इथं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी कुटुंबांची एक खास अडचण आहे. शिंद्यांबरोबर आलेले सरदार, चिटणीस, कारकून, पुढं मास्तर, रेल्वे आणि बँकेतले नोकर. गोठींमधून आणि पायगांमधून, म्हणजे सरदारांच्या जुन्या वस्त्यांमधून, वाडे राहिले, ते विकून फ्लॅट झाले, पण शेतजमीन अनेकांकडे नाहीच. मुलगा अडकतो तेव्हा घरात पेन्शनचं पासबुक असतं, ऋणपुस्तिका नसते. मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारा माणूस भेटतो. हा रस्ता धरू नये. अशा माणसाची पुस्तिका बरेचदा आधीच कुठंतरी अडकलेली असते किंवा बनावट असते, आणि ते उघडकीला आलं की जामीन रद्द होऊन नवा गुन्हाही चिकटतो. त्यापेक्षा वकिलाला सांगून मुदत ठेवीची पावती, सरकारी नोकराचा पगारदाखला किंवा घराची कागदपत्रं चालतील का, असा अर्ज करावा. रोख अनामत भरू द्यावी, असंही मागता येतं. न्यायाधीशाला हे अधिकार असतात, पण मागितल्याशिवाय क्वचितच मिळतात.

शेजारच्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला जामीनदार म्हटलं की आणखी कटकट. ग्वाल्हेरहून चंबळ ओलांडली की धौलपूर, म्हणजे राजस्थान. दुसऱ्या दिशेला झाशी, म्हणजे उत्तर प्रदेश. नातीगोती या सीमा मानत नाहीत, कोर्टाचे कारकून मात्र मानतात. खरं तर हा प्रश्न 1978 मध्येच सुटला होता, आणि तोही मध्य प्रदेशातल्याच एका गवंड्यामुळं. मोतीराम त्याचं नाव. त्याच्याकडं 10,000 रुपयांचा जामीन मागितला गेला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला गेला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडून काढली आणि मोतीरामला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. इतकी वर्षं झाली तरी 'लोकल जामीनदार आणा' हे वाक्य ऐकू येतंच. ते ऐकू आलं की मोतीराम खटल्याचं नाव अर्जात लिहावं.

31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दिलेले निर्देश तर प्रत्येक जेलच्या मुलाकात खिडकीबाहेर रंगवून ठेवायला हवेत. जामीन देणाऱ्या न्यायालयानं आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं जेल अधीक्षकामार्फत बंद्याला पोचवायची. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयानं आपणहून अटी सैल करायचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्रानं गरीब बंद्यांसाठी योजना आणली. ती सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. पैसे बंद्याच्या हातात येत नाहीत, न्यायालयात भरले जातात. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं जातो. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हेही कितीतरी कुटुंबांना ठाऊक नसतं. 15100 हा त्या मदतीचा फोन क्रमांक.

आणि तरी माणूस अडकतो कशानं? बरेचदा अक्षरांनी. वॉरंटवर वडिलांचं नाव 'रामचरण', आदेशात 'रामचरन सिंह'. गुन्हा क्रमांकातला एक आकडा चुकलेला. पाच कलमांपैकी चारच आदेशात आलेली, पाचवं राहून गेलेलं. जेल असा आदेश परत पाठवतं, आणि त्याची बाजूही खरी आहे: चुकीचा माणूस सुटला तर अधीक्षकाची नोकरी जाते. म्हणून आदेश कोर्टातून हलण्याआधी वकिलानं किंवा घरच्यांनी तो रिमांडच्या कागदाशी ओळीनं ओळ ताडून पाहावा. पाच मिनिटांचं काम. दुसरा अडसर म्हणजे दुसऱ्या प्रकरणातलं प्रॉडक्शन वॉरंट, बंद्याला आपल्यापुढं हजर करा असा त्या कोर्टाचा हुकूम. एका प्रकरणात जामीन झाला, पण मुरैना किंवा भिंडच्या कोर्टातलं जुनं वॉरंट जेलमध्ये पडून होतं, मग फाटक उघडत नाही. मुलाकातीत बंद्यालाच विचारावं, 'आणखी कुठल्या कोर्टात पेशी आहे का?' त्याला बहुधा आठवत असतं, फक्त विचारलेलं नसतं.

मुदतींचं गणित घरच्यांनी स्वतः ठेवावं. गुन्ह्याप्रमाणं 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज पडला तरच. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवसही धरतात. एक दिवस चुकला आणि त्याच सकाळी पोलिसांनी कागद दाखल केले, तर हक्क गेला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, 479 व्या कलमानं आणखी एक दार उघडलं. याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा कोठडीत काढला, की त्याला सोडायचं. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही. यासाठी न्यायालयाकडं अर्ज करणं हे जेल अधीक्षकाचंच कर्तव्य केलं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे जुन्या प्रकरणांनाही लागू. कायदा चांगला आहे. पण ज्याच्यावर तीन फुटकळ चोऱ्या लावल्या आहेत तो या दारातून बाहेर पडत नाही, आणि जेलमध्ये सर्वात जास्त काळ विसरला जातो तो हाच माणूस.

आता शिक्षा झालेल्यांकडं. जयविलास महाल पाहायला गेलेला प्रत्येक जण दरबार हॉलमधली झुंबरं मान वर करून पाहतो. पायाखालच्या गालिच्याकडं पाहणारे थोडे. तो ग्वाल्हेर जेलच्या कैद्यांनी विणला आणि त्याला बारा वर्षं लागली, असं तिथं सांगतात. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बारा वर्षं एका गालिच्यावर बसलेल्या त्या माणसांची नावं कुठं नाहीत. सुटल्यावर त्यांनी माग कुठून आणला असेल, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आजही तसाच आहे. उभा माग घरात मावत नाही. ताणा बांधायला जागा लागते, लोकर उधारीवर मिळायला व्यापाऱ्याची ओळख लागते, आणि गालिचा पुरा होईपर्यंतचे महिने घर चालवायला पैसा लागतो. एका हाताला गाठी मारता येतात एवढ्यावर पोट भरत नाही. म्हणून तुरुंगातलं काम निवडताना बाहेर ते किती भांडवलात सुरू होतं, हे आधी पाहायला हवं. शिवणयंत्र, नळकाम, वायरिंग, केस कापणं, बेकरीत भट्टीवरचं काम ही कामं महिन्याभरात चार पैसे आणतात. शिक्षणाचंही तसंच. इग्नू या मुक्त विद्यापीठाची केंद्रं अनेक तुरुंगांत आहेत, आणि तिथली पदवी इतर कुणाच्याही पदवीसारखीच. तिच्यावर जेल लिहिलेलं नसतं. जेलच्या कार्यशाळेच्या दाखल्यावर मात्र बरेचदा जेलचा शिक्का असतो, आणि तो शिक्का पाहून मालक कागद परत करतो.

आतल्या कामाची वाटणी जातीवर व्हायची, आणि ती गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. मध्य प्रदेशासह अनेक राज्यांच्या जेल नियमावल्यांत झाडूकाम आणि संडास अमुक जातीकडं, अशी भाषा होती. विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार समजायची सोयही होती. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. ग्वाल्हेरच्या आसपास मोघिया, कंजर, बेडिया अशा वस्त्या आहेत. चोरी कुणाचीही होवो, पोलीस आधी तिकडं जातात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. 1952 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा गेला तरी नियमावलीत तो दबा धरून बसला होता, आणि तो माणसाबरोबर बाहेरही येत होता.

सुटलेल्या माणसाचं बस्तान बसवता येतं का? चंबळच्या काठावर राहून कुणी हा प्रश्न शंकेनं विचारू नये. एप्रिल 1972 मध्ये जौराजवळ जयप्रकाश नारायण यांच्यापुढं मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्यासारख्या अनेक डाकूंनी बंदुका खाली ठेवल्या. त्याआधी 1960 मध्ये विनोबांनी हाच रस्ता चालून दाखवला होता. शरण येण्याआधीच बोलणी झाली होती: फाशी नको, घरच्यांना संरक्षण, मुलांचं शिक्षण, कसायला जमीन. मुंगावलीला खुल्या तुरुंगाची वसाहत झाली, तिथं हे लोक शेती करू लागले. मोहरसिंग पुढं मेहगावच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सुटकेची तयारी अटकेच्या आधी झाली, हे या प्रयोगाचं मर्म आहे. आपल्याकडं ती सुटकेच्या दिवशीही झालेली नसते. मराठी वाचकाला आणखी जवळचं उदाहरण म्हणजे औंध संस्थानातलं आटपाडीचं स्वतंत्रपूर. 1939 मध्ये मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यानं तिथं कैद्यांना बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय शेतीवर ठेवलं. खुल्या तुरुंगात माणूस कुटुंबासह राहू शकतो, कमवतो, सकाळी बाहेर कामाला जाऊन संध्याकाळी परत येतो. खर्च कमी, पळून जाणारे अगदी थोडे. तरीही देशात अशा तुरुंगांची संख्या तुटपुंजी आहे, आणि असलेल्या जागाही भरत नाहीत, कारण पात्रतेच्या अटी इतक्या कडक, की तिथं पोचेपर्यंत शिक्षाच संपत येते.

सुटकेच्या दिवशी फाटकावर जाणाऱ्यानं काय मागून घ्यावं, ते सांगतो. जमा असलेल्या मजुरीचा हिशेब आणि रक्कम. अटकेच्या वेळी काढून घेतलेल्या वस्तूंची यादी, तिच्याशी ताडून वस्तू. आतल्या दवाखान्याचे कागद. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. तिसऱ्या महिन्यात माणूस सुटला, आनंदात गावी गेला, गोळ्या तुटल्या, की तोच आजार औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो, आणि घरातल्या पोरांनाही धरतो. जेलच्या डॉक्टरकडून निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक, घ्यावा. त्या क्रमांकावर घराजवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढं चालू होतो. एआरटी (एचआयव्हीवरचा उपचार) किंवा मानसिक आजाराची औषधं असतील तर बदलीचं पत्र आणि निदान पंधरवड्याच्या गोळ्या मागाव्यात. बाई सुटत असेल आणि तिचं मूल आत असेल, तर त्याची लसीकरणाची नोंद आणि जन्मदाखला. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहतात, आणि शाळेत घालायची वेळ आली की नेमके हेच दोन कागद नसतात.

निर्दोष सुटलेल्यानं निकालाची प्रमाणित प्रत काढून तिच्या चार झेरॉक्स करून ठेवाव्यात. कारण थाण्याच्या वहीतून नाव आपोआप पुसलं जात नाही. निवडणूक आली, दुर्गापूजा आली, की जुन्या यादीतल्यांना बोलावून 'बाउंड ओव्हर' करतात, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात. निकालाची प्रत जोडून पोलीस अधीक्षकांकडं नाव काढण्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नोकरीच्या फॉर्ममध्ये प्रकरण लपवू नये. 2016 च्या अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याचे निकष घालून दिले: खरं सांगितलेलं किरकोळ किंवा निर्दोष सुटलेलं प्रकरण नोकरी देणारा विचारात घेऊन सोडून देऊ शकतो; लपवलेलं उघडकीला आलं तर ते लपवणंच नोकरी घालवतं. ज्याला शिक्षेऐवजी परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडलं आहे त्याच्यासाठी 1958 च्या परिवीक्षा कायद्याचं बारावं कलम आहे, त्या दोषसिद्धीमुळं अपात्रता चिकटत नाही. आणि मतदान: तुरुंगात असताना मत देता येत नाही, पण तेवढ्यानं यादीतलं नाव जात नाही. सुटलेला माणूस पुढच्या निवडणुकीत रांगेत उभा राहू शकतो. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. त्या रांगेत उभं राहण्यानं माणसाची मान किती सरळ होते, ते शब्दांत मावत नाही.

राहिला कागदांचा फास. मध्य प्रदेशात रेशनपासून पेन्शनपर्यंत सगळं समग्र आयडीवर चालतं, कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. माणूस पाच-सात वर्षं आत असला की घरच्यांनी किंवा वॉर्डातल्या कुणी त्याचं नाव कमी केलेलं असतं. ते परत घालायला आधार ई-केवायसी, त्याला ओटीपी, ओटीपीला मोबाइल. आणि मोबाइलचा नंबर केव्हाच बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला. बँकेचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्यानं निष्क्रिय, ते उघडायलाही तोच नंबर मागतात. या गाठी सोडवायचा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा आधार केंद्रावर जाऊन बोटांच्या ठशांवर नवा नंबर जोडायचा. त्याला जुना नंबर लागत नाही. मग समग्र, मग बँकेत केवायसीचा अर्ज, मग रेशन. दहा वर्षांहून जुनी ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली असली तरी बुडत नाही, बँकेकडं दावा केला की मिळते. उलट्या क्रमानं गेलं की महिने जातात, आणि तेवढ्यात जुन्या ओळखीचा कुणीतरी दिवसाची मजुरी रोख घेऊन दारात उभा राहतो.

घरच्यांना एक मात्र आजपासून करता येईल. आत गेलेल्याचं सिम कपाटात बंद करून ठेवू नका. ते एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला, सर्वात स्वस्त रिचार्ज चालू ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यावरून कुणाला तरी फोन लावा.